पावलांचा माग, चालीचे गणित

मराठीतला 'चाल' हा शब्द फार कामाचा आहे. माणसाला चाल असते, गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते. शत्रूवर चाल करून जाता येते, आणि घराण्याच्या चालीरीती सोडता सोडवत नाहीत. माणूस कसा वागतो हे सांगायलाही आपण त्याचे 'चालचलन' कसे आहे असेच विचारतो, म्हणजे पायांची गती आणि नीतीची परीक्षा एकाच शब्दात बसवतो. 'माग'चेही असेच. चोराचा माग काढतात, हरवलेल्याचा मागमूस लागत नाही, आणि समीक्षक मंडळी एखाद्या वाङ्मयप्रवाहाचा 'मागोवा' घेतात. मातीत उमटलेल्या पावलांवरून कुणीतरी एकेकाळी खरोखरच चालत गेले होते, याचा विसर पडण्याइतका हा शब्द आता ग्रंथालयात स्थिरावला आहे.

गेल्या तीसेक वर्षांत संगणकशास्त्राने हाच उद्योग नव्याने आरंभला. कॅमेऱ्याने टिपलेल्या चालण्याचे किंवा धावण्याचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून 'हा माणूस कोण' हे ठरवायचे, असा तो उद्योग. त्याची ओळख करून देणारे लेख सहसा प्रयोगशाळेपासून सुरुवात करतात. प्रस्तुत लेख खानदेशापासून सुरुवात करतो. चालीवरून माणूस ओळखण्याची एक पूर्ण विकसित, कायद्याचे बळ असलेली पद्धत तेथे होती, आणि तिच्यात ओळखणाऱ्यावर एक जबाबदारी होती. नव्या पद्धतीत ती जबाबदारी कुठे गेली, हा येथे प्रश्न आहे.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात गावच्या राखणदाराच्या कामाचे वर्णन आहे. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कारभार त्याच्याच हाती होता, त्यामुळे हे वर्णन ऐकीव म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यानुसार गावात चोरी झाली की चोर शोधणे हे राखणदाराचे काम. तो बहुधा पावलांवरून माग काढी. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि तेथल्या राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली. पुढचा पाठलाग दुसऱ्याने करायचा. अशा रीतीने माग ज्या गावात स्पष्टपणे शेवटचा पोचे, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई पडे. माग पुढे नेता आला नाही तर जेथे चोरी झाली ते गाव देणेकरी. त्यातही आधी राखणदाराने ऐपतीप्रमाणे भरायचे, आणि उरलेले गावाने.

खानदेशात हा राखणदार म्हणजे जागल्या, आणि तो पुष्कळदा भिल्ल असे. त्याला काय वाचावे लागे याची थोडी कल्पना करून पाहावी. चालणारा माणूस आधी टाच टेकतो, भार तळव्यावरून पुढे सरकतो आणि अंगठ्याच्या बाजूने पाऊल सुटते. चालताना एक तरी पाय नेहमी जमिनीवर असतो, आणि प्रत्येक पावलागणिक क्षणभर दोन्ही असतात. धावताना उलट घडते, क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. म्हणून धावत्याच्या ठशात बहुधा चवडा खोल रुततो, टाच पुसट राहते किंवा उमटतच नाही, माती मागे फेकली जाते, आणि दोन ठशांमधले अंतर एकदम वाढते. डोक्यावर ओझे असले की पावले आखूड पडतात. लंगडणाऱ्याचा एक ठसा दुसऱ्याशी फटकून वागतो. हे सगळे जमिनीच्या स्वभावाप्रमाणे बदलते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाऊल घोट्यापर्यंत रुतते आणि चिखल वाळला की ठसा कितीतरी दिवस टिकतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि ठसा वरच्या फुफाट्यात उमटून वाऱ्याबरोबर जातो. गिरणेच्या, पांझरेच्या वाळूत ठशाला कडाच राहत नाहीत. सातपुड्याच्या मुरमावर तर ठशापेक्षा ढळलेला खडा जास्त बोलतो. तेव्हा चालीचे ज्ञान म्हणजे एका अर्थी जमिनीचे ज्ञान.

पण एल्फिन्स्टनच्या वर्णनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग कौशल्याचा नाही. तो शिवेवरचा आहे. माग काढणाऱ्याने स्वतःशी निष्कर्ष काढून भागत नसे. पलीकडच्या गावच्या त्याच्याच तोडीच्या जाणकाराची खात्री पटवावी लागे, आणि हा दुसरा जाणकार हितसंबंधाने त्याच्या विरुद्ध उभा असे, कारण माग मान्य केला की चोरी त्याच्या गळ्यात. आज आपण ज्याला प्रतिपक्षाची उलटतपासणी म्हणतो, तीच ही, पायाशी बसून, ठशावर बोट ठेवून. शिवाय चुकीची किंमत ओळखणाऱ्यालाच मोजावी लागे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. भरपाईचा बोजा गरीब राखणदारावर आधी पडे हे उघड आहे, आणि त्या भीतीने कितीदा भलत्याच गावावर माग ढकलला गेला असेल हे सांगता येत नाही. तरीही 'मी ओळखले' या वाक्याला तेथे दुसऱ्याची संमती लागत होती.

१८१८मध्ये खानदेश कंपनीच्या हाती आला तेव्हा तो उजाड होता. होळकरी धामधूम आणि १८०३-०४चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पाडली होती. राखणीचे हक्क बुडालेले भिल्ल डोंगरात गेले होते. ज्यांनी चोरांचा माग काढायचा त्यांचाच माग आता सरकारी पलटणी काढत होत्या. काही वर्षे बळाचा वापर करून झाल्यावर १८२५मध्ये धोरण बदलले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजन्स्या स्थापन झाल्या आणि लेफ्टनंट जेम्स औट्रॅमने भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात होते. पाठलाग होणारे पुन्हा पाठलाग करणारे झाले. ही अदलाबदल तेथेच थांबली नाही. सेंधव्याच्या घाटात रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक १८५७मध्ये बंडात उतरला, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणी येथे भिल्लांची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. राखणदार आणि संशयित यांच्यातली रेघ खानदेशात इतकी बारीक होती.

१८८०च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये लोकांचे वर्णन जातवार सदरांखाली आहे, आणि माग काढणारा तेथे भेटतो तो 'भिल्ल' या सदरात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही कुचंबणा नवी नाही. वि. का. राजवाड्यांनी दप्तरांच्या शोधात आयुष्यभर पायपीट केली, १९२६च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचा अंत झाला, आणि १९२७मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. पण दप्तर हे लिहिणाऱ्याचे असते. ज्याचे सारे वाचन मातीवर होते त्याचे दप्तर पहिल्या पावसात धुऊन गेले.

कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९मध्ये लिहिलेला एक निबंध या जागी आठवल्याशिवाय राहत नाही. शिकाऱ्याचे ठसेवाचन, चित्राचा कर्ता कानाच्या पाळीवरून ओळखणारा मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड यांना त्याने एका माळेत ओवले. खुणेवरून व्यक्तीपर्यंत जाणारे हे ज्ञान मोजमापाच्या विज्ञानापेक्षा वेगळ्या जातीचे आहे, असे त्याचे म्हणणे. मोजमापाच्या विज्ञानाला सर्वसामान्य नियम हवा असतो, एकट्यादुकट्या व्यक्तीशी त्याला कर्तव्य नसते. बोटांच्या ठशांची ओळखपद्धत बंगालातल्या प्रशासनातून आकाराला आली आणि लोकांचे ज्ञान राज्यकर्त्यांनी त्यांच्यावरच वापरले, हेही त्याच निबंधात आहे. साहित्याच्या वर्गात हा निबंध संहितावाचनाच्या अंगाने शिकवला जातो. जागल्याच्या अंगानेही तो वाचायला हरकत नाही.

आता मोजमापाच्या बाजूला जाऊ. माणसाच्या चालण्याचे यांत्रिक वर्णन वेबर बंधूंनी जर्मनीत १८३६मध्ये केले. पुढे फ्रान्समध्ये मारे याने एकाच पट्टीवर गतीच्या अनेक अवस्था टिपल्या. पण ओळखीच्या दृष्टीने निर्णायक प्रयोग गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा, १९७३चा. त्याने माणसाच्या सांध्यांवर दिवे लावले आणि बाकी सारे अंधारात ठेवले. ठिपके स्थिर असताना कुणालाच काही कळेना. हलू लागताच 'माणूस चालतो आहे' हे पाहणाऱ्यांना तत्काळ कळले. चार वर्षांनी अमेरिकेत कटिंग आणि कोझ्लोव्स्की यांनी पुढचे विचारले: अशा ठिपक्यांवरून मित्र मित्राला ओळखेल का? सहा जणांमध्ये निव्वळ अंदाजाने १६.७ टक्के उत्तरे बरोबर यायला हवी होती. आली ३८ टक्के. म्हणजे ओळख पटते, आणि तरी दहातल्या सहा वेळा चुकते. आणि हे मित्र होते, अनोळखी नव्हेत.

संगणकाला हे शिकवण्याची एक रीत मराठी वाचकाला चटकन कळावी, कारण ती 'चाल' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थातून जाते. चालणे हे आवर्तन आहे. मांडीचा कोन पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. त्याचा आलेख काढला तर तो स्वराच्या लाटेसारखा दिसतो. फूरियेच्या गणिताने अशा लाटेचे मूळ कंपन आणि त्याच्या पटीतली कंपने वेगळी करता येतात, प्रत्येकाचा जोर आणि प्रत्येकाची वेळ मोजता येते. दोन गायक एकच चाल म्हणतात तेव्हाही आवाज वेगळे ओळखू येतात ते या उपकंपनांच्या प्रमाणावरून. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते, त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२मध्ये पुस्तकात आल्या. पण त्याआधी त्या तगून होत्या त्या चालीवर. शरीराच्या चालीतही असेच काहीतरी तगून राहते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या याम, निक्सन आणि कार्टर या संशोधकांनी २००४मध्ये मांडी आणि पोटरी यांच्या कोनांवर हे गणित चालवून पाहिले, आणि चालण्यापेक्षा धावणे ओळखीला अधिक उपयोगी पडते असा निष्कर्ष काढला. पळणारा माणूस स्वतःची जास्त खूण सोडतो, म्हणावयाचे. जागल्याला याचे नवल वाटले नसते.

यानंतरचा टप्पा तुलनेचा. दोन चालींची आकड्यांत रूपांतरे झाली. त्या एकाच माणसाच्या की दोघांच्या, हे ठरवायला त्यांच्यातले 'अंतर' मोजावे लागते. यासाठी जगभर वापरले जाणारे एक माप प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे आहे, आणि त्याची सुरुवात नागपुरात झाली. १९२०मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन तेथे भरले असताना प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी त्यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करायला सुचवले. १९२२मध्ये त्यावर निबंध निघाला, आणि त्याच प्रश्नांचा पाठपुरावा करता करता १९३६मध्ये अंतराची कल्पना पूर्णत्वाला गेली. कल्पना अशी: उंच माणसाचे पाऊल लांब पडणे यात विशेष काही नाही, उंची आणि पाऊल बरोबरच वाढतात, बुटक्या माणसाचे पाऊल लांब पडले तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट. साध्या पट्टीला हा फरक कळत नाही. महालनोबिसांचे अंतर मापांचे परस्परसंबंध हिशेबात घेते, म्हणून त्याला कळतो.

पण हे माप कशासाठी घडले हे विसरू नये. ते व्यक्ती ओळखण्यासाठी नव्हते. जाती-जमातींचे गट एकमेकांपासून किती दूर हे ठरवण्यासाठी होते. महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी येथल्या जातींच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. पुढे कर्वे यांनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणीही केली. मापे हाती घेऊन बाईंनी जे मांडले ते मात्र मापांच्या मूळ हेतूला छेद देणारे होते. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एका मूळ जातीच्या फांद्या असतीलच असे नाही, वेगवेगळे गट एका नावाखाली जमले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोजूनसुद्धा माणूस सदरातून बाहेर काढता येतो, याचे हे उदाहरण.

उलट दिशेचे उदाहरण अधिक ठळक आहे. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू करता येईल असा झाला. पारध्यांसारख्या जमाती, ज्यांचे शिकारीचे सारे शहाणपण माग काढण्यात होते, त्या त्याखाली आल्या. हजेरी, बोटांचे ठसे, गाव सोडायला परवाना. येथे ओळख गुन्ह्यानंतर पटवायची नव्हती, ती जन्माबरोबरच पटलेली होती. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९मध्ये आणि देशाने १९५२मध्ये रद्द केला, पण त्याची सावली किती लांब पडते हे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचलेल्यांना सांगायला नको. जागल्या विचारी, हे पाऊल कुणाचे. कायदा विचारी, हा कुणातला. संख्याशास्त्र दोन्ही प्रश्नांना उत्तर देऊ शकते, आणि दुसऱ्याला ते अधिक सहजतेने देते. म्हणूनच कोणता प्रश्न विचारला जातो आहे यावर नजर ठेवावी लागते.

पहिल्या प्रश्नाला ते किती नीट उत्तर देते, याची जाहीर परीक्षा २००५मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रोत्साहनाने चाललेल्या प्रकल्पात १२२ माणसांच्या १,८७० चित्रफिती घेऊन सुदीप सरकार आणि सहकाऱ्यांनी बारा कसोट्या लावल्या. सर्वांत सोप्या कसोटीत ७८ टक्के ओळखी बरोबर आल्या, सर्वांत अवघड कसोटीत ३ टक्के. कॅमेऱ्याचा कोन, पादत्राण, हातातली पेटी, सगळ्यांचा परिणाम झाला. पण सर्वाधिक परिणाम झाला तो पायाखालच्या जमिनीचा आणि मध्ये गेलेल्या काळाचा. हिरवळीवर चाललेला माणूस काँक्रीटवर ओळखू येईना. तापीच्या काळ्या मातीत आणि सातपुड्याच्या मुरमावर वेगळे वाचन करणाऱ्याचे ज्ञान येथे टेराबाइटभर चित्रफितींतून पुन्हा सिद्ध झाले. त्यानंतर यंत्रांची शिकण्याची पद्धत बदलली, आकडे पुष्कळ सुधारले; पण ते सुधारले ज्या संग्रहांवर, त्यांतली माणसे बहुतेक ठरवून दिलेल्या वाटेवर, चालायला सांगितले म्हणून चाललेली आहेत.

न्यायालयाने जागल्याच्या ज्ञानाला जागा दिली ती जपून. प्रीतमसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५६च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाऊलठशांचे शास्त्र प्राथमिक अवस्थेत आहे, त्यावर फार विसंबता येणार नाही, मात्र इतर परिस्थितीच्या जोडीने तो एक दुवा ठरू शकतो, असे म्हटले. चालीच्या नव्या शास्त्राबद्दल ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१७मध्ये न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेचा सूरही फारसा वेगळा नाही. एखादी लकब समाजात किती जणांत आढळते हेच ठाऊक नसेल, तर ती आरोपीत आढळली याचे वजन किती धरायचे? अनुभवी जागल्यापाशी याचे उत्तर निदान आसपासच्या गावांपुरते होते.

मार्च २०२१मध्ये, मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली मोटार सापडल्याच्या प्रकरणात, राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटकेतल्या एका पोलीस अधिकाऱ्याला सैल कुर्ता घालायला लावून रात्री त्याच रस्त्यावर चालवले. कॅमेऱ्यात दिसलेल्या आकृतीशी त्याची चाल ताडून पाहायची होती. पुण्याच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ हजर होते. राखणदार आणि संशयित यांच्यातली ती जुनी बारीक रेघ पुन्हा दिसली, या वेळी डांबरावर. सांगितल्यावर चाललेली चाल आणि नकळत चाललेली चाल एकच असते का, हा प्रश्न त्या रस्त्यावर कुणी विचारायचा होता? शिवेपलीकडचा जागल्या तेथे नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी, २०२२मध्ये, गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा झाला. त्याने जागा घेतली १९२०च्या कायद्याची, ज्यात मापे म्हणजे बोटांचे आणि पावलांचे ठसे असे धरले होते. नव्या व्याख्येत बुबुळे आली, जैविक नमुने आले आणि सही-हस्ताक्षरासह 'वर्तनविषयक गुणधर्म' आले. चालीचे नाव त्यात नाही. चाल हे वर्तन आहे की नाही, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे, आणि मराठीपुरते बोलायचे तर 'चालचलन' या शब्दाने तो केव्हाच निकालात काढला आहे. घेतलेली मापे ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद या कायद्यात आहे. खटल्याविना सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या, आधी शिक्षा न झालेल्या माणसाची मापे तेवढी नष्ट करायची. २००५च्या त्या परीक्षेत ओळख ३ टक्क्यांवर आली, तेव्हा दोन चित्रणांच्या मध्ये मे ते नोव्हेंबर एवढाच काळ गेला होता.